दोन दऱ्या, दोन धरणं

पायाखालची राख अजून कोमट आहे. साल १८५१, महिना मार्च. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात, पुढे जगभर गाजणाऱ्या योसेमिटीच्या दरीत तुम्ही उभे आहात. दोन्ही अंगांना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे, त्यातला एक तर जवळजवळ किलोमीटरभर उंच. मधून मर्सेड नदी, सावलीच्या जागी बर्फ. नाकात वास येतोय तो मात्र करपलेल्या अन्नाचा. ओकच्या झाडाची बोंडं जळताहेत. इथल्या लोकांची वर्षभराची बेगमी मारिपोसा बटालियनने घरांसकट पेटवून दिली आहे.

बटालियन म्हणजे शिस्तीचं लष्कर समजू नका. सोन्याच्या मागे आलेले खाणवाले, दुकानदार आणि त्यांच्या बंदुकांना मिळालेली सरकारी मान्यता, एवढंच. त्यांच्यात लाफायेट बनेल नावाचा एकजण आहे. ही दरी पहिल्यांदा नजरेस पडली तेव्हा आपल्या डोळ्यांत पाणी आलं, असं तो पुढे पुस्तकात लिहिणार आहे. त्यात खोटं काही नाही. डोळ्यांत पाणी आणणारी दरी आणि जाळलेली घरं एकाच माणसाच्या एकाच मोहिमेत मावतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

राखेतून दोन पावलं बाजूला व्हा. कातळात गोल खड्डे दिसतील. ती उखळं आहेत. बायका इथे बसून बोंडं कुटतात, पिठातला कडूपणा पाण्याने धुऊन काढतात आणि पाणी न गळणाऱ्या घट्ट विणीच्या टोपल्यांत तापलेले दगड टाकून त्याची पेज शिजवतात. दरीतली मोकळी कुरणं आणि मधूनमधून उभे असलेले डेरेदार ओक पाहून तुम्हाला वाटतं, निसर्गाने काय बाग लावली आहे! ती बाग या लोकांनी राखली आहे. ते वेळोवेळी गवताला आग लावतात, झुडपं हटवतात, ओकला ऊन मिळू देतात. हे ठाऊक असलेला टेनाया हा त्यांचा म्होरक्या आणि त्याची माणसं आता फ्रेस्नो नदीकाठच्या राखीव वसाहतीकडे हाकलली जातील. काही परततीलही, पण दरीचे धनी म्हणून नव्हे.

आता एक लांब उडी. १८८९ सालची शरद ऋतूतली दुपार, जर्मनीतलं बॉन शहर. पासष्टीचा एक निवृत्त अधिकारी चोवीस वर्षांच्या श्रीमंत अमेरिकन तरुणाला जंगल शिकवतो आहे. म्हातारा म्हणजे डिट्रिख ब्रँडिस, १८६४ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख, त्याआधी ब्रह्मदेशातल्या सागाचा कारभारी. तरुण म्हणजे गिफर्ड पिंचो. हाच पुढे १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख होईल. म्हातारा सांगतो आहे की जंगलाची खाण करायची नसते, त्याचं पीक घ्यायचं असतं. वर्षाला जेवढं वाढेल तेवढंच तोडा, मोजून तोडा, म्हणजे जंगल कायम देत राहील. पिंचो हे भक्तिभावाने ऐकतो. तुम्हीही माना डोलवाल, कारण यात चूक काय काढणार?

पण तुम्ही मराठी आहात, तेव्हा मान डोलावता डोलावता एक खटका बसायला हवा. हे सगळं मोजणार कोण? १८७८ च्या वनकायद्याने हिंदुस्थानात त्याचं उत्तर देऊन टाकलं आहे: सरकार. ब्रँडिसच्या मनात गावांसाठी वेगळी, गावांनीच सांभाळायची जंगलं होती. कायदा करणाऱ्यांनी ती जवळपास बाजूला सारली. आणि १८८३ मध्ये पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या वनखात्यावर आसूड ओढून झालेला आहे. डोंगर-टेकड्या सरकारने जंगलखात्यात घातल्या आणि गरीब शेतकऱ्याच्या चार शेळ्या-गुरांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार. बॉनच्या त्या बैठकीत फुले नाहीत. असते तर अमेरिकेचं वनखातं थोडं वेगळं झालं असतं का, हा विचार करायला मजा येते. पुढे काही निघत नाही त्यातून.

मे १९०३. ग्लेशियर पॉइंटजवळ रात्री बर्फ पडतंय. शेकोटीच्या एका बाजूला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, दुसऱ्या बाजूला लांब दाढीचा, पासष्ट वर्षांचा जॉन म्यूर. हातात टिनचा कप घेऊन तुम्ही मागे बसा. दोघंही अस्सल बोलघेवडे आहेत, तुम्हाला तोंड उघडायला वाव मिळणार नाही. म्यूर स्कॉटलंडात जन्मला, बापाच्या धाकाखाली बायबल पाठ करत विस्कॉन्सिनच्या शेतावर वाढला. १८६७ मध्ये कारखान्यात डोळ्याला इजा झाली, काही काळ दिसेनासं झालं. दृष्टी परत आली तेव्हा यंत्रं सोडून त्याने रान धरलं. १८९० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झालं त्यात त्याच्या लेखणीचा मोठा वाटा, १८९२ मध्ये निघालेल्या सिएरा क्लबचा तो पहिला अध्यक्ष. त्याचं म्हणणं साधं आहे, आणि त्या काळात विलक्षण आहे. अस्वल, साप, देवदार हे माणसाच्या उपयोगासाठी घडवलेले नाहीत. ते स्वतःसाठी आहेत. डोंगर हे देऊळ आहे, आणि देवळाची किंमत लाकूडफाट्याच्या भावाने करत नाहीत.

तिथे त्या बर्फात, शेकोटीच्या उजेडात, हे ऐकताना अंगावर काटा येतो. मला तरी येईल. आपल्याकडे वारकऱ्याला झाडाझुडपांत सोयरे दिसतात, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी या माणसात आहे. फक्त एक विचारावंसं वाटतं: म्यूरसाहेब, ती उखळं कुणाची? १८६९ च्या पहिल्या उन्हाळ्याबद्दल लिहिताना त्याला डोंगरात भेटलेले मूळ रहिवासी मळकट वाटले होते, त्या निर्मळ देखाव्यात न शोभणारे. पुढे अलास्कातल्या लोकांसोबत राहून त्याचं मत बरंच निवळलं. पण देवळाच्या नकाशात त्यांचं घर त्याने कधी काढलं नाही.

यानंतरचं एक पान पटकन उलटू. १८ एप्रिल १९०६, पहाटे पाच वाजून गेलेत, सान फ्रान्सिस्कोत भूकंप होतो आणि मग तीन दिवस शहर जळत राहतं. बंबांना पाणी मिळत नाही, कारण जमिनीखालच्या नळवाहिन्या फुटल्या आहेत. लोकांच्या मनात मात्र ठसतं ते एवढंच, की शहराला पाणी कमी पडलं. उद्यानाच्या हद्दीतली हेच हेची ही दरी धरणासाठी शहराने आधीच हेरून ठेवली होती. योसेमिटीची धाकटी बहीणच ती, तिच्यातून तुओलुमने नदी वाहते. आता त्या मागणीला धार चढते.

जून १९१३, वॉशिंग्टन. प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे साक्षी चालू आहेत. उकाडा आहे, कोटाची बटणं सोडून बसा. ब्रँडिसचा शिष्य पिंचो बोलतो आहे. दरी सुंदर आहे हे तो नाकारत नाही. दरवर्षी तिथे जाऊन आनंद घेणारे थोडे लोक एका पारड्यात आणि एका महानगराची तहान दुसऱ्या पारड्यात, असं तो मांडतो. जास्तीत जास्त लोकांचं, जास्तीत जास्त काळाचं भलं, हे त्याचं सूत्र. त्याला खलनायक करू नका. शहराचा पाणीपुरवठा तेव्हा एका खासगी कंपनीच्या मुठीत आहे, आणि पाणी लोकांच्या मालकीचं असावं म्हणून लढणारे पुष्कळ भले लोक धरणाच्या बाजूला आहेत. उलट दरी वाचवणारेही केवळ पावित्र्यावर थांबलेले नाहीत. हळूहळू तेही हिशेबाला बसलेत: रस्ते होतील, हॉटेलं होतील, प्रवासी येतील, देखाव्यालाही बाजारभाव आहे. देवळाची बाजू मांडता मांडता देवळाबाहेरच्या दुकानांचं भाडं सांगावं, तसं.

खोलीभर नजर फिरवा. अभियंते, वकील, खासदार. हेच हेचीत पिढ्यान्‌पिढ्या बोंडं आणि गवताचं बी गोळा करणाऱ्या मिवोक आणि पायूट लोकांपैकी साक्षीला कुणी नाही. त्यांना बोलवायला हवं होतं हे दरीला देऊळ मानणाऱ्यांना सुचत नाही, तिला पाण्याचं कोठार मानणाऱ्यांनाही नाही. पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकांत म्यूर आणि पिंचो हे दोन ध्रुव म्हणून शिकवले जातात. मला ते एकाच बाकावर बसलेले दिसतात. दरी रिकामी आहे हे दोघांनी धरूनच टाकलं आहे. भांडण फक्त रिकाम्या जागेत काय भरायचं याचं.

६ डिसेंबर १९१३ ला सिनेटमध्ये ४३ विरुद्ध २५ मतांनी विधेयक मंजूर होतं, १९ तारखेला राष्ट्राध्यक्ष विल्सन सही करतो. पुढच्या वर्षी २४ डिसेंबरला म्यूर वारतो. १९२३ मध्ये धरण उभं राहतं.

हे धरण बांधलं जात असतानाच तुम्हाला पुण्याच्या पश्चिमेला नेतो. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी पेट्यात. ऊन चढतंय. इथेही राख आहे, पण ती पेरणीच्या तयारीची. खाचराच्या कडेला एक म्हातारी राब रचते आहे: खाली शेण, वर ऐनाचे वाळलेले टहाळ, त्यावर पालापाचोळा, गवत, वरून मातीचा थर. हा भाजला की जमीन रोपांसाठी तयार होते. पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरायचं आणि आवण झालं की उपटून चिखलात लावायचं. इंग्रज वनाधिकाऱ्यांना हे झाडं ओरबाडणं वाटतं, आणि त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ऐनाची झाडं तासून तासून खांबासारखी उभी आहेत. पण त्याच उतारावरून वर बघा, एक गर्द हिरवा ठिपका दिसेल. ती देवराई. तिथली काटकीही ती आणणार नाही.

म्हातारी तुमच्याकडे निरखून बघते.

“कोण गावचं पाव्हणं? पुन्याचं?”

तुम्ही हो म्हणता.

“मंग सावकाराचं का सरकारचं?”

पुण्याहून येणारा या दोहोंपैकी एक असतो, हा तिचा अनुभव. तुम्ही चाचरत सांगता की दोन्हीकडचा नाही, सत्याग्रह बघायला आलोय. ती हात झटकत उठते. “बघायचं काय त्यात? बसायचं हाय. चला, बसायला.”

तुम्ही तिच्यामागून धरणाच्या जागेकडे निघता. सुमारे १,२०० मावळे जमलेत. टाटांची कंपनी इथे धरण बांधणार, पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ पोचणार. पाणी पूर्वेला वाहायचं ते अडवून पश्चिमेला वळवायचं, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचं आणि त्यावर वीज काढून मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. चाचणीच्या चरी लोकांच्या शेतांत आधीच खणून झाल्यात, विचारल्याशिवाय. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडून लोकांना जागं करताहेत, शंकरराव देव आहेत, आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापट आहेत. एकेकाळी पॅरिसहून बॉम्बची कृती आणणारा हा माणूस आता हातात झाडू घेऊन रस्ते झाडतो. ‘सेनापती’ हे बिरुद त्यांना याच लढ्याने दिलं. लोक कामाच्या जागेवर बसतात. काम थांबतं. ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा उठते.

बसल्या जागी तुमच्या डोक्यात मात्र भांडण चालू होतं, आणि ते टाळू नका. गिरणगावाची धुराडी कोळसा जाळतात. पाण्यावरची वीज त्यापेक्षा स्वच्छ. आज ‘हरित ऊर्जा’ म्हणून जिचे गोडवे गातात तीच ही. त्या गिरण्यांत राबणारी माणसंही याच घाटातली आणि कोकणातली, म्हातारीच्या भावकीतलाच कुणी परळच्या चाळीत असेल. जास्तीत जास्त लोकांचं भलं या पिंचोच्या तराजूत मुळशी हेच हेचीहून सहज बसते. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना फेरविचार करायला सांगितलं तेही टाटांना शत्रू न मानता.

म्हातारीला तुम्ही हे समजावून सांगायला जाता. वीज, गिरण्या, देशाची भरभराट. ती शांतपणे ऐकते आणि एकच विचारते: “आन्‌ आम्ही जायाचं कुठं?”

तिची जमीन तिच्यासाठी देऊळ नाही. देवळाची जागा तिने वर डोंगरावर वेगळी राखून ठेवली आहे. कोठारही नाही, कारण कोठार हलवता येतं. इथे आंबेमोहोर पिकतो, वरच्या वरकस उतारावर नाचणी आणि वरी, रानातून हिरडा मिळतो, मेलेल्या माणसांची राख याच नदीत जाते. घेणं आहे, देणं आहे, ओरबाडणं आहे, राखणंही आहे, आणि हे सगळं कुणी कुठे किती करायचं ते गावात भांडून ठरतं. या वृत्तीला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात जागा मिळायला फार उशीर झाला. रामचंद्र गुहांनी १९८९ मध्ये अमेरिकी पर्यावरणवादावर टीका करणारा निबंध लिहिला, तेव्हा कुठे तिकडच्या विद्यापीठांत चर्चा सुरू झाली की पोट भरलेल्याचं निसर्गप्रेम आणि पोटासाठीचं निसर्गप्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मात्र म्हातारीची आरतीही ओवाळू नका. तिच्या पाठीमागे एक अडचण बसलेली आहे आणि सत्याग्रह तिथेच फसणार आहे. ती कसते त्यातली बरीच जमीन कागदावर तिची नाहीच. ती पुण्याच्या सावकारांकडे गेलेली आहे. टाटा भरपाई देणार ती कागदावरच्या नावाला, आणि पुण्याचा सावकार मुळशीत राब भाजायला कधी येणार नव्हता. त्याला रोख हवी. पुण्याच्या पुढाऱ्यांत त्याची ऊठबस आहे, त्यामुळे लढ्याचा आवाज मधूनच चिरकतो. लेख येतात, सभा होतात, तडजोडीची बोलणी होतात, काम थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. माणसं तुरुंगात जातात. ९ डिसेंबर १९२४ ला बापट धरणाचं सामान नेणारी आगगाडी रुळांवर दगड रचून अडवतात. सात वर्षांची शिक्षा होते. अहिंसेचा धागा तिथे तुटला, आणि लढाही संपला. १९२७ मध्ये या धरणाच्या पाण्यावर चालणारं, कड्याखालच्या भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

निकाल दोन्हीकडे एकच लागला. फरक आहे तो नंतरच्या शोकात. हेच हेचीवर अमेरिकेत अजून पुस्तकं निघतात, धरण पाडून दरी मोकळी करा म्हणणाऱ्या संस्था आहेत, म्यूरचं नाव डोंगरांना आणि शाळांना आहे. योसेमिटीत तग धरून राहिलेल्या मूळ रहिवाशांची शेवटची घरं उद्यानाच्या प्रशासनाने १९६९ मध्ये नाहीशी केली, त्याचा एवढा शोक झाला नाही. त्यानंतर जेमतेम वर्षभरात त्याच प्रशासनाने जंगल निरोगी राहावं म्हणून ठरवून आगी लावायला सुरुवात केली, म्हणजे बटालियन येण्याआधी जे चालायचं ते. मुळशीचा इतिहास राजेंद्र व्होरांसारख्या अभ्यासकाने कष्टाने लिहून काढला, नाहीतर आपल्यापैकी बहुतेकांना मुळशी म्हणजे पावसाळ्यातली सहल आणि कणसं.

परत येण्यापूर्वी शेवटचा एक थांबा, आजचा. सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पालो आल्टोत एखाद्या मराठी घरात सकाळी चहाचं आधण ठेवलं जातंय. नळाला येणारं पाणी हेच हेचीचं. त्या व्यवस्थेवर आज तिथले सुमारे २७ लाख लोक अवलंबून आहेत. फोनवर मुंबईतले आईवडील आहेत, आणि त्यांच्या शहराला पुरवल्या जाणाऱ्या विजेत भिऱ्याचाही वाटा असतो. दोघांनीही काही पाप केलेलं नाही. नळ बंद करा, दिवा मालवा असं मी त्यांना सांगणार नाही, तसं सांगणं हा ढोंगीपणा होईल.

तुम्हाला मात्र एक सांगतो, कारण तुम्ही आता त्या समितीच्या खोलीत बसून आला आहात आणि धरणाच्या जागेवरही. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेनुसार मोठ्या धरणांना, खाणींना आणि इतर बहुतेक मोठ्या प्रकल्पांना मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी मराठी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि स्थानिक पंचायतीत ठेवावा लागतो. ही सूचना आतल्या पानावर, बारीक टायपात, लग्नाच्या सभागृहांच्या जाहिरातींशेजारी छापून येते. ती वाचा. सारांश मागून घ्या, आणि त्यात प्रकल्पाची जागा ‘पडीक’ म्हणून दाखवली असेल तर तिथे कुणाची गुरं चरतात ते स्वतः जाऊन बघा. मग सुनावणीला जा आणि जे बघितलंत ते नोंदवून घ्यायला लावा.